उसवलेली

नर्स दारातून अर्धीच बाहेर आली आणि तिनं विचारलं, “मावशी, उसवलेली म्हणजे काय हो?”

मास्तरीण बाकावर ताठ बसली होती. टेकून बसणं तिला कधी जमलं नाही. दिवसभर शिलाई मशीनवर वाकायचं, तर उरलेल्या वेळात तरी माणसानं सरळ राहावं, असं तिचं म्हणणं. प्रश्न ऐकू आला, पण काही कळलं नाही असा चेहरा तिनं केला. गिऱ्हाईक बिघडलेला कपडा घेऊन भांडायला येई तेव्हा हाच चेहरा ती करायची.

“काय उसवलंय?”

“अहो, तुमची मुलगी. डॉक्टर म्हणतात सीझर करावं लागेल, तर ही ऐकायलाच तयार नाही. सारखं एकच, मला उसवलेली व्हायचं नाही, मला उसवलेली व्हायचं नाही. डॉक्टर म्हणाल्या, बाहेर आई बसलीय, तिला विचारून ये हे काय प्रकरण आहे. तुमच्यात काही वेगळं असतं का?”

शेजारी जावई बसला होता. त्यानं मान वर केली नाही, चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला. त्याला अर्थ माहीत होता. लग्नानंतर महिनाभरात, त्याच्या बहिणीला भर पंगतीत मास्तरणीनं तो शब्द ऐकवला होता, आणि वर स्वतःच हसली होती.

“शिवणकामातला शब्द आहे,” मास्तरीण म्हणाली. “डॉक्टरला म्हणावं, आलेच.”

पण ती उठली नाही. दार लागलं, दाराची काच थरथरली आणि थांबली, आणि मास्तरीण तशीच बसून राहिली, मांडीवर दोन्ही हात पालथे ठेवून. शब्द तिचाच होता. दुसऱ्या कुणी वापरलेला तिनं ऐकला नव्हता, कपड्याबद्दल सोडून. दुकान टाकलं त्याच वर्षी कधीतरी तो तोंडातून निसटला आणि चालला. बाळंत होऊन दोन-तीन महिने झालेल्या बाया कपडे सैल करून घ्यायला यायच्या. कंबर वाढलेली, छातीला दाटलेलं, डोळ्यांत झोप. मास्तरीण शिवण उलटी करून बघायची, आत माया किती सोडलीय ते. माया म्हणजे शिवणीच्या आत दडवून ठेवलेला जादा कपडा; ती असेल तर कपडा वाढवता येतो, नसेल तर फेकायचा. मग माप घेता घेता ती एखादा विनोद करायची. नवऱ्यांवर करायची, सासवांवर करायची, स्वतःच्या नाकावरही करायची. बाई हसायची, आणि मास्तरीण फीत हातात धरून बघायची. हसताना जिचा हात आपोआप पोटावर जायचा, ती उसवलेली. जी नुसतीच खदाखदा हसायची, ती अखंड. विनोद एकदाही फुकट गेला नाही. बाई जिना उतरून गेली की मास्तरीण हाताखालच्या पोरींना म्हणायची, “ही उसवलेली बरं का. काज करताना कंबरेला दोन बोटं सैल ठेवा. कळा सोसवत नाहीत आजकाल कुणाला. आयतं काढून हातात दिलं की झालं.” पोरी फिदीफिदी हसायच्या. कोपऱ्यात चिंध्यांच्या ढिगावर बसून मनी बटणं ओवत असायची, पाच वर्षांची, सात वर्षांची, दहा वर्षांची. तीही हसायची. आईच्या विनोदाला सगळ्यांत मोठ्यांदा मनी हसायची.

“आई,” जावई म्हणाला, “तुम्ही बोला ना तिच्याशी. माझं ऐकत नाहीये. तुमच्या शब्दाबाहेर नाही ती.”

चांगला पोरगा. शब्द जपून टाकणारा. पण हे वाक्य त्यानं असं टाकलं की मास्तरणीला बोटात सुई गेल्यासारखं झालं. सुई बोटात जाते तेव्हा आधी काहीच होत नाही. आपण बघतो, सुई इकडून तिकडे दिसते, आणि मग सावकाश दुखायला लागतं.

डॉक्टरीणबाई स्वतःच बाहेर आल्या. वयानं मनीएवढ्याच, केस टोपीत कोंबलेले, डोळ्यांखाली काळं. त्या उभ्यानंच बोलल्या. “हे बघा, काल संध्याकाळपासून कळा आहेत. बाळाचं डोकं वळत नाहीये, अडकलंय. पाणी हिरवं आलंय, म्हणजे बाळानं आतच शी केलीय. कळ आली की ठोके खाली जातात, आणि आता ते वर यायला वेळ लागतोय. अजून अर्धा-पाऊण तास मी हातावर हात ठेवून बसू शकत नाही. ऑपरेशन केलं तर दहा मिनिटांत बाळ बाहेर असेल.”

“आणि तिचं काय?”

“धोका तिलाही आहे, मी नाही म्हणणार नाही. रक्त जास्त जाऊ शकतं. टाका पिकू शकतो. पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून लवकर चालवावं लागतं. नॉर्मल बाळंतिणीपेक्षा सावरायला दिवस जास्त लागतात. पुढच्या खेपेला जपावं लागतं. सगळं नीट चाललं असतं तर मीच म्हटलं असतं, कापायचं कशाला? पण मावशी, धोका दोन्हीकडे आहे. आज कुठल्या बाजूला जास्त आहे, तेवढं मी सांगतेय. आणि सही तिची लागते. शुद्धीत आहे ती, नाही म्हणतेय. मी तिला बांधून तर कापू शकत नाही.”

टाका पिकू शकतो. मास्तरीण मान हलवत होती आणि तिच्या नाकात तो वास आला होता, एकतीस वर्षांपूर्वीचा, गोडसर, नासलेल्या दुधासारखा, पाचव्या दिवशी पट्टी उघडली तेव्हाचा. बावीस दिवस ती तशी पडून होती. रोज सकाळी एक म्हातारी नर्स यायची आणि म्हणायची, “दात आवळ गं माझी बाई,” आणि उघडलेल्या जागेत औषधाची पट्टी चिमट्यानं आत ढकलायची. तापात तिला वाटायचं, कुणीतरी आपल्याला कच्चा टाका घालून ठेवलंय, पक्की शिलाई मारायला विसरलंय. आणि खोकला. खोकला आला की पोट दोन्हीकडून फाकतंय असं वाटायचं. शिकवणारं कुणी नव्हतं. आठव्या-नवव्या दिवशी तिचं तिलाच सुचलं, की कपड्याची चौपदरी घडी करायची, पोटावर दाबून धरायची आणि मग खोकायचं. पुढे धंद्यात रोज करायची तीच गोष्ट, ताणला जाणारा कपडा शिवायच्या आधी हातानं दाबून धरतात तशी. तिनं ती कुणालाही सांगितली नाही. दुकानात हसता हसता कळवळलेल्या इतक्या बाया बघितल्या, पण घडी कशी धरायची ते एकीलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, तुम्हाला हो कसं ठाऊक?

त्याच्या आधीचंही एक होतं. तिकडे ती सहसा जात नसे. तीन दिवस आणि त्या तीन दिवसांची खोली, भिंतीवर ओल आलेली, ओलीचा आकार एका बसलेल्या कुत्र्यासारखा. कळ आली की ती त्या कुत्र्याकडे बघायची. नवरा दाराबाहेर येरझाऱ्या घालत होता, दवाखान्यात नेऊ म्हणत होता, आणि सासू चौकटीत उभी राहून म्हणत होती, “आमच्या घरात कुणाला कापलेलं नाही. हिलाच काय सोनं लागलंय?” तिसऱ्या दिवशी दुपारी तो आला. पूर्ण, धडधाकट, बोटांची नखंसुद्धा वाढलेली. जांभळा. रडलाच नाही. तिनं त्याच्यासाठी झबलं शिवलं होतं, आयुष्यातला पहिला कपडा, गळा फार मोठा झालेला. त्यातच त्याला गुंडाळून नेलं. मोठा गळा म्हणून तो खांद्यावरून घसरत होता, एवढं तिला दिसलं. नंतर तिनं हजारो गळे कापले, एकही मोठा झाला नाही.

मनीच्या वेळी नवऱ्यानं कुणालाही न विचारता तिला उचललं आणि गाडीत घालून लांबच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मनी जगली. तीही जगली, मोठ्या मुश्किलीनं, आणि तिला सांगितलं गेलं की पुन्हा दिवस जाऊ न दिलेले बरे. बावीस दिवसांनी ती वाळलेली, मूल कडेवर घेऊन घरी आली तर सासूनं पोरीकडे बघितलं आणि म्हणाली, “काढून आणलीस होय. जन्माला घालणं वेगळं.” बस. एवढंच वाक्य. वर्षभरानं ते या शहरात आले, नवऱ्याची बदली झाली म्हणून. इथं तिला कुणी ओळखत नव्हतं. दुकानातल्या पहिल्याच गिऱ्हाइकानं पोरीचा गाल ओढून विचारलं, काय हो, नॉर्मल ना? आणि मास्तरणीच्या तोंडातून निघालं, “मग? अखंड आहे मी. एक कळ वाया घालवली नाही.” बोलून गेली आणि इतकं हलकं वाटलं, जणू सासूचं वाक्य या शहरापर्यंत येऊच शकलं नव्हतं. मग ते रोज थोडं थोडं वाढवत नेलं. नवरा जेवताना ऐकायचा आणि ताटात बघायचा. मरेपर्यंत त्यानं एक शब्द काढला नाही. आणि मनीनं लहानपणी कधी आंघोळीच्या वेळी पोटावरचा व्रण बघून विचारलं, हे गं काय? तेव्हा ती म्हणाली होती, गाठ काढली होती.

सासूचं वाक्य कुठं गेलं नव्हतं. ते ती घेऊनच आली होती. नुसतं उलटं करून शिवलं होतं, सुलटी बाजू वर, आणि आपल्यासारख्या तिसरी नापास बाईला सगळे मास्तरीण म्हणतात या तोऱ्यात इतकी वर्षं मिरवलं होतं. आज ते पोरीच्या तोंडून बाहेर आलं.

ती उठली. गुडघे करकरले. जावयाला म्हणाली, “तू इथंच बस,” आणि आत गेली.

खोलीत पांढरा उजेड होता, कशाचीच सावली न पडणारा. मनी कुशीवर होती, केस कपाळाला चिकटलेले, ओठ दातांनी सोलून काढलेले. पलंगाशेजारी यंत्र होतं आणि त्यातून बाळाचे ठोके ऐकू येत होते, टकटक टकटक, भरधाव. मास्तरीण ऐकत उभी राहिली. अक्षराशी तिचं कधी पटलं नाही, पण मशीन ती आवाजावरून ओळखायची. कुठल्या पोरीच्या मशीनचा पट्टा सैल झालाय ते पाठमोरी सांगायची. कळ आली. मनीनं पलंगाची दांडी धरली, तोंडातून आवाज काढला नाही. आवाज न काढणं, हेही आईकडूनच घेतलेलं. आणि यंत्रातले ठोके मंदावले. टक, टक, मध्ये रिकामी जागा, टक. पट्टा घसरत होता. कळ गेली तरी घसरतच होता. मग कुठं पुन्हा धरला.

“मने.”

“मी करीन आई. थोडंच राहिलंय. तू केलंस ना, मी पण करीन.”

“पडदा ओढ गं,” मास्तरीण नर्सला म्हणाली. मग डॉक्टरकडे न बघता, कुणाकडेच न बघता, तिनं कमरेची गाठ सैल केली, कपडा खाली सारला आणि मनीचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. बेंबीपासून खालपर्यंत उभा व्रण. मध्यभागी, जिथं तो पिकून उघडला होता तिथं, दोन बोटं रुंद, चकचकीत, कातडी गोळा होऊन शिवल्यासारखी.

“वाकडी आहे बघ शिवण. माझ्या हाताखालच्या पोरीनं अशी घातली असती तर कान उपटला असता.”

मनीची बोटं हलली नाहीत. “ही गाठीची आहे. तूच सांगितलंस. गाठ होती.”

“गाठच होती. पावणेतीन किलोची. ती आता इथं आडवी पडलीय आणि डॉक्टरला नाही म्हणतेय.”

नर्सच्या नाकातून हसू निसटलं आणि ते तिनं लगेच गिळलं. मनी हसली नाही. ती आईच्या तोंडाकडे बघत होती, अनोळखी बाईकडे बघावं तशी.

“बाबांना माहीत होतं?”

“त्यांनीच नेलं मला.”

“आणि मला का नाही सांगितलंस?”

मास्तरणीकडे कशालाही उत्तर तयार असे. गल्लीत तिच्या जिभेला कात्री म्हणत, आणि तिला ते आवडायचं. आता तिनं फक्त मनीच्या कपाळाला चिकटलेले केस मागे सारले.

“लाज वाटली.”

“माझी?”

“तुझी नाही गं!” ती ओरडलीच. मग आवाज खाली आला. “माझी. मला माझीच.” पुढची कळ यायला लागली होती, मनीचा हात पोटावर आवळला गेला, आणि मास्तरीण घाईघाईनं बोलू लागली, टीप सुटायच्या आत दोरा ओढावा तसं. “ऐक. तुझ्याआधी एक होता. मुलगा. तीन दिवस मी अशीच पडले होते. त्याला कुणी काढू दिलं नाही. आणि मीही म्हणाले नाही, कापा म्हणून. एकदा म्हणायला हवं होतं, मने. मी दात आवळून भिंतीकडे बघत राहिले. लोक म्हणतील सोसवलं नाही, म्हणून. तो अखंड आला. आला आणि गेला.” यंत्रात पुन्हा रिकामी जागा पडली, आधीपेक्षा लांब. “ऐकतेस ना? हा पट्टा चाललाय तोवर सही कर. मग मला काय शिव्या घालायच्यात त्या घाल.”

मनीनं हात मागे घेतला. डॉक्टरनी पुढे केलेल्या फळीवरच्या कागदावर तिनं सही केली, ओळीच्या बाहेर जाणारी. पेन ठेवलं आणि डोळे मिटून म्हणाली, “तू बाहेर जा.”

मास्तरीण गेली. गाठ तिनं चालता चालता बांधली. चाकांचा पलंग शेजारून गेला तेव्हा मनीनं नवऱ्याकडे बघितलं, तिच्याकडे नाही. मग दुहेरी दार मिटलं, आणि पुढचा पाऊण तास ती त्या दाराच्या दोन फळ्यांमधली फट बघत राहिली. फट सरळ नव्हती. खाली रुंद होत गेलेली. सुताराला बोलवून दाखवावी असं तिच्या मनात आलं, आणि असं मनात आल्याचा राग आला. आपण नेहमी दुसऱ्याचीच शिवण बघतो. वाटलं, आत काही वाईटवंगाळ झालं तर मनीनं शेवटचं जे म्हटलं ते “तू बाहेर जा” एवढंच राहील. आणि मूल गेलं तर? तर मी तो माझा शब्द कुठं ठेवू? कुठल्या डब्यात? तिनं देवाला काही सांगितलं नाही. ती फक्त ठोके मोजायचा प्रयत्न करत होती, इथून ऐकू येत नसलेले.

डॉक्टर आल्या तेव्हा मुखपट्टी गळ्यात लोंबत होती. मुलगी झाली होती. रडायला वेळ लागला, नाकातोंडातलं खेचून काढावं लागलं, ऊब द्यायला ठेवलीय, पण आता बरी आहे. मनीचं रक्त जरा जास्त गेलं, गर्भाची पिशवी थकली होती, आकसायला वेळ लागला. औषधं दिली, आता थांबलंय. आज नजरेखाली ठेवू. जावई उभा राहिला, बसला, परत उभा राहिला, आणि भिंतीकडे तोंड करून रडला. मास्तरणीनं विचारलं, “किती पदरी शिवलं?”

“काय?”

“आतून. नुसतं वरून नाही ना शिवलं? अस्तर वेगळं घेतलं ना?”

डॉक्टरनी तिच्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच. “पिशवी वेगळी शिवली. मग तिच्यावरचे थर, एकेक करून. मग कातडी. आतला दोरा आपोआप विरघळतो. आणि आडवा छेद आहे, खाली. तुमच्यासारखा उभा नाही.” थांबल्या. “एक लक्षात ठेवा मावशी. पुढच्या वेळी कुठंही जाल, कुठल्याही दवाखान्यात, तर आधी सांगायचं की टाका आहे. बाळाची वार जुन्या टाक्यापाशी चिकटू शकते, कळांचं औषध जपून द्यावं लागतं. लपवायचं नाही.”

“नाही,” मास्तरीण म्हणाली. “नाही लपवणार.”

दिवेलागणीला मनीला खोलीत आणलं. जावई मुलीला बघायला, बाळांना ऊब देतात त्या खोलीकडे गेला होता. मनी उताणी पडली होती, तोंड भिंतीकडे. मास्तरीण खुर्चीत बसली, खुर्ची पलंगापासून थोडी लांब, जेवढी परवानगी आहे असं वाटलं तेवढी. बाहेर कुणीतरी स्टीलची भांडी धूत होतं. विनोद करावासा वाटला, सवयीनं, आणि तिनं तो गिळला. आता हसवणं म्हणजे दुखवणं. किती बायांना आपण मुद्दाम हसवलं.

मग मनीच्या घशात खरखरलं. तिनं आवंढा गिळला, पुन्हा गिळला, खोकला दाबून धरला. खांदे वर आले, डोळे विस्फारले. पोटापाशी काय होणार आहे ते तिला आत्ताच कळायला लागलं होतं.

“थांब. खोकू नकोस अजून.” मास्तरीण उठली. पलंगाच्या कठड्यावरचा टॉवेल तिनं ओढला, एक घडी, दुसरी घडी, कडा जुळवून, चौपदरी, आणि पांघरुणावरून खाली जिथं टाका असेल तिथं अलगद ठेवला. त्यावर दोन्ही पंजे पसरले. दाबलं, जेवढं दाबायचं तेवढंच. “हां. आता खोक. मी धरलंय.”

मनी खोकली. एकदा, मग दोनदा. तिचा चेहरा वेडावाकडा झाला, पण पोट फाकलं नाही. हातांखाली सगळं एकत्र राहिलं, आणि ते एकत्र राहिलेलं मास्तरणीला तळव्यांना कळलं. खोकला ओसरला तरी तिनं हात काढले नाहीत. मनीनंही काढ म्हटलं नाही. भिंतीकडचं तोंड हळूहळू वळलं, आणि ती आईच्या हातांकडे बघत राहिली, फुगलेल्या शिरा, अंगठ्याला कात्रीचा घट्टा.

“तुझं कुणी धरलं होतं?”

“कुणी नाही. मीच. एका हातानं.” मास्तरणीनं टॉवेलची सुटलेली कड पुन्हा आत सारली. “दुसऱ्या हातात तू होतीस.”